मांगा वाचताना आणि त्यावर लिहिताना

जपानी मांगाचा, म्हणजे चित्रकथेचा, पहिला खंड हातात आला की तो उघडायचा कुठून, इथपासूनच सुरुवात करू. पुस्तकाची शिवण उजव्या हाताला येईल असं धरा. आपल्याला जे मागचं कव्हर वाटतं, तेच इथे पुढचं. उर्दू पुस्तकं हाताळणाऱ्यांना हे नवं नाही. चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या, मग खालच्या रांगेत पुन्हा उजवीकडून. संवादांचे फुगेही त्याच क्रमाने. सुरुवातीला डोळे अडखळतात, थोड्या पानांनी सवय होते. काही जुन्या इंग्रजी आवृत्त्यांत चित्रं आरशातल्यासारखी उलटवलेली असत आणि उजव्या हाताने कामं करणारी माणसं डावखुरी व्हायची. शक्यतो मूळ दिशेचीच प्रत घ्या.

पहिलं वाचन फक्त गोष्टीसाठी करा. टिपणं नकोत.

दुसऱ्यांदा मात्र पेन्सिल घेऊन बसा. थरारकथा असेल तर डाव्या पानाची अगदी शेवटची, खालच्या डाव्या कोपऱ्यातली चौकट पाहा. पान उलटण्याआधी नजर तिथेच थांबते, म्हणून दचकलेला चेहरा किंवा अर्धवट उघडलेलं दार बरेचदा तिथे ठेवलेलं असतं. उत्तर पान उलटल्यावर. नाओकी उरासावा यांची ‘मॉन्स्टर’ (१९९४ ते २००१, १८ खंड) यासाठी उत्तम. जर्मनीतल्या डसेलडॉर्फमधला जपानी मेंदूशल्यविशारद डॉ. तेन्मा महापौरांना बाजूला ठेवून, डोक्यात गोळी लागलेल्या एका मुलाचं ऑपरेशन करतो. तो मुलगा पुढे काय झाला, हे आपल्याला लवकरच कळतं, तरी भीती ओसरत नाही. का, ते शोधा. मला सापडलेलं उत्तर असं: उरासावा बरेचदा भयंकर गोष्ट दाखवण्याऐवजी ती ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवतात. चौकटीमागून चौकट तोच चेहरा, फक्त डोळे बदललेले.

शांत, रोजच्या जगण्याच्या गोष्टींना मोजपट्टी वेगळी लागते. जिरो तानिगुची यांच्या ‘अरुकु हितो’मध्ये, म्हणजे ‘चालणारा माणूस’मध्ये, एक गृहस्थ आपल्या परिसरात फिरतो. पक्षी बघतो, कुत्र्याला फिरवतो, एका रात्री बंद तरणतलावात उतरून पोहतो. संवाद अगदी मोजके. ‘यात काही घडतच नाही’ असं लिहून मोकळं होऊ नका. माझी कळकळीची विनंती आहे. लागोपाठ किती चौकटी निःशब्द आहेत, ते मोजा. त्यांत काय दिसतं? झाडाचं पान, छप्पर, पुन्हा तो माणूस. या चौकटींमुळे तुमचा वाचनाचा वेग मंदावला का? मंदावला असेल तर कुठे, तेच लिहा.

चित्रातले ध्वनिशब्दही वाचा. जपानीत शांततेलासुद्धा आवाज आहे: ‘शीन्’. रिकाम्या खोलीच्या चित्रावर तो शब्द लिहिलेला असतो. सळसळ, टपटप, कुजबुज, चिडीचूप असे शब्द आपल्या जिभेवर असतातच, म्हणून या अंगाबद्दल मराठीत लिहायला खरी मजा येते.

आता परीक्षण. कथानक चार-पाच वाक्यांत आटपा आणि रहस्य फोडू नका. पान उलटण्याचा तो क्षण पुढच्या वाचकाचा आहे. आपण किती खंड वाचले, ते स्पष्ट सांगा. अनुवाद वाचला असेल तर अनुवादकाचं नाव द्या. शोनेन, शोजो, सेइनेन, जोसेई हे शब्द मासिकाचा वाचकवर्ग सांगतात, कथेचा प्रकार नव्हे. शोनेन म्हणजे मुलगे, शोजो मुली, सेइनेन प्रौढ पुरुष, जोसेई प्रौढ स्त्रिया. ‘मॉन्स्टर’ आणि कितीतरी निवांत कथा सेइनेनमध्येच येतात.

मग एकच पान निवडा आणि ते इतकं नीट सांगा की न पाहिलेल्याला दिसावं: चौकटी किती, मोठी कोणती, रिकामी जागा कुठे. परीक्षणाचा निम्मा भाग या पानावर खर्च झाला तरी चालेल. लिहून झाल्यावर चित्रांविषयीची वाक्यं अधोरेखित करा. दोन-तीनच निघाली, तर खंड पुन्हा उघडा.