सर्व्हिस म्हणते पाठवला, स्क्रीन म्हणते आलाच नाही : अँड्रॉइडमध्ये हरवलेला मेसेज कसा शोधायचा

मी एका दूध संकलन केंद्रासाठी छोटं अॅप केलंय. काम साधं आहे, ब्लूटूथ काट्याचा आकडा एक सर्व्हिस (अॅपचा स्क्रीनमागे चालणारा भाग) वाचते, ब्रॉडकास्ट करते म्हणजे मेसेज सोडते, आणि स्क्रीनवर लिटर दिसतात. मग टार्गेट एसडीके (अॅप अँड्रॉइडच्या कुठल्या व्हर्जनचे नियम पाळतं तो आकडा) 34 केलं, नवीन फोनवर टाकलं, आधी अॅप पडलं, ते मिटवलं तर स्क्रीनवर नुसतं शून्य. पहाटेची वेळ, बाहेर किटल्या घेऊन लोक उभे, मी घाबरून चार ठिकाणी कोड बदलला आणि होतं तेही बिघडवलं. तुम्ही तसं करू नका, कोडला हात लावायच्या आधी मेसेज नेमका कुठपर्यंत पोचला ते बघा.

त्यासाठी तीन लॉग टाका, म्हणजे कोड तिथवर आला की नोंद छापणाऱ्या ओळी. एक मेसेज पाठवणाऱ्या सेंडब्रॉडकास्टच्या अगदी वरच्या ओळीत, दुसरा मेसेज आला की चालणाऱ्या ऑनरिसीव्हच्या पहिल्याच ओळीत, तिसरा स्क्रीनवरच्या टेक्स्टव्ह्यूमध्ये आकडा भरता तिथे. तिघांना एकच टॅग द्या, मी "पोच" देतो, आणि लॉगकॅटमध्ये (लॉग दिसतात ती खिडकी) तोच फिल्टर लावा. नुसतं "इथे आलो" लिहू नका, आकडापण छापा, नाहीतर पुढे परत तेच करावं लागतं.

पहिला दिसतो आणि दुसरा दिसत नाही, म्हणजे मेसेज निघाला पण वाटेत अडला. इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. आधी अॅक्शनची स्ट्रिंग, म्हणजे मेसेजचं नाव बघा, दोन्हीकडे हाताने टाईप केली असेल तर एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी कोणी काही बोलत नाही, म्हणून ती एकाच कॉन्स्टंटमध्ये ठेवा. मग रिसीव्हर (मेसेज ऐकणारा कोड) रजिस्टर कधी होतो ते बघा, ऑनरिझ्यूममध्ये (स्क्रीन पुढे आल्यावर) रजिस्टर आणि ऑनपॉजमध्ये (ती मागे जाताना) अनरजिस्टर असेल तर स्क्रीन मागे गेली असताना आलेला मेसेज गेला तो गेलाच.

माझं घोडं मात्र तिसरीकडेच अडलं होतं. टार्गेट 34 असलं की अँड्रॉइड 14 वर रिसीव्हर रजिस्टर करताना तो एक्सपोर्टेड (दुसऱ्या अॅपचे मेसेजही घेणारा) आहे की नॉट एक्सपोर्टेड हे सांगावंच लागतं, नाही सांगितलं तर सिक्युरिटी एक्सेप्शन येऊन अॅप पडतं (फक्त सिस्टीमचेच ब्रॉडकास्ट ऐकत असाल तर सूट आहे). मी नॉट एक्सपोर्टेड लिहिलं, क्रॅश थांबला, मी खुश, आणि मेसेजपण थांबले! कारण त्याच व्हर्जनपासून नुसत्या अॅक्शनवर सोडलेला इंटेंट, म्हणजे पत्ता न लिहिलेला मेसेज, आपल्याच अॅपच्या नॉट एक्सपोर्टेड रिसीव्हरला मिळत नाही. उपाय एका ओळीचा, पाठवायच्या आधी इंटेंटवर सेटपॅकेज करून आपल्या अॅपचं पॅकेज नाव द्यायचं.

आणि एक, एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं टूल) एएम ब्रॉडकास्ट ही कमांड देऊन टेस्ट करत असाल तर "ब्रॉडकास्ट कम्प्लीटेड, रिझल्ट शून्य" हे वाचून हुरळून जाऊ नका, कोणीही ऐकत नसलं तरी तेच छापून येतं. शिवाय नॉट एक्सपोर्टेड रिसीव्हरपर्यंत एडीबी शेलचा मेसेज जातच नाही, त्यामुळे तिथून टेस्ट फेल झाली म्हणून कोड चुकलाय असं नाही. मी यात अख्खी दुपार घालवलीय.

आता दुसरा लॉग दिसतो पण आकडा शून्य. हे शून्य वेगळं. काट्याचा आकडा मी आधी इंट (पूर्णांक) पाठवायचो, नंतर 8.4 सारखे पॉइंट हवे म्हणून डबल (दशांश) केला, पण वाचताना पूर्णांक वाचणारं गेटइंटएक्स्ट्राच राहिलं. अॅप पडत नाही, मुकाट डीफॉल्ट व्हॅल्यू देतं. तुमचा फिल्टर काढून लॉगकॅटमध्ये "बंडल" टॅगची वॉर्निंग शोधा, इंटिजर अपेक्षित होता पण डबल मिळाला असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

बरं, आतल्या आत बोलायला ब्रॉडकास्ट हवाच कशाला असं कोणी म्हणेल, आणि बरोबर आहे. अॅपच्या आतल्या ब्रॉडकास्टसाठी असलेला लोकलब्रॉडकास्टमॅनेजर तर डेप्रिकेटेडच आहे, म्हणजे वापरू नका असं सांगितलेला. मीही नंतर कोटलिनच्या स्टेटफ्लोवर (ताजी व्हॅल्यू धरून ठेवून ऐकणाऱ्यांना कळवणारा प्रकार) गेलो, पण तिथे वेगळीच गंमत. एकाचं दूध 8.4 लिटर, पाठोपाठच्याचंही 8.4, तर दुसऱ्याची नोंदच नाही, कारण आधीच्याइतकीच व्हॅल्यू आली की स्टेटफ्लो पुढे कळवतच नाही. ते काका दहा दिवसांनी हिशोबाच्या वेळी भांडायला आले तेव्हा कळलं. त्याचाच भाऊ शेअर्डफ्लो वापरला तर सारख्या व्हॅल्यू जातात, पण रिप्ले (उशिरा येणाऱ्यासाठी जपलेल्या व्हॅल्यूंची संख्या) शून्य असेल आणि त्या क्षणी कोणी कलेक्ट करत, म्हणजे ऐकत नसेल तर तो मेसेजही हरवतो.

शेवटी मी असं केलं : नोंद सर्व्हिसमधूनच थेट डेटाबेसमध्ये लिहायची, प्रत्येक नोंदीला वेगळा नंबर, आणि स्क्रीनने फक्त डेटाबेस बघत बसायचं. स्क्रीन बंद असो नाहीतर मागे असो, काकांचे 8.4 लिटर वहीत असतात.