रोबोट बनवायला घेताय? बोर्ड नंतर, आधी मोटर धरून बघा

२०१४ ला पुण्यात बालेवाडीच्या स्टेडियममधे एबीयू रोबोकॉन, म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजच्या मुलांची रोबोट स्पर्धा, झाली तेव्हा मी सातवीत होतो, मामा घेऊन गेला होता. त्या वर्षीच्या खेळात आईबापाच्या भूमिकेतला मोठा रोबोट पिल्लू रोबोटला उचलून झोपाळ्यावर, सी-सॉवर नेऊन बसवायचा, आणि परत येताना बसमधे मी मामाला सारखं एकच विचारत होतो की एवढं वजन तो उचलतो कसं. मामाला काही सांगता आलं नाही. डिप्लोमाला स्वतः बनवायला घेतलं तेव्हा हळूहळू कळायला लागलं. आता भोसरीत ऑटोमेशनच्या कामाला लागून तीन वर्षं झाली आणि फर्स्ट इयरची मुलं मला मेसेज करून विचारतात, "दादा, अर्डुइनो घेऊ का ईएसपी३२?" हे दोन्ही बोर्ड, म्हणजे आपला कोड चालवणारा रोबोटचा मेंदू. म्हणून हे एकदा नीट लिहितोय.

बोर्ड शेवटी ठरवायचा. आधी मोटर, मग ड्रायव्हर (बोर्डच्या सांगण्यावरून मोटरला करंट देणारं सर्किट), मग बॅटरी, आणि मग बोर्ड. हे मला तपकीर गल्लीतल्या एका दुकानदार काकांनी शिकवलं. मी यादी घेऊन गेलो होतो, वर ठळक अक्षरात मोटर शिल्ड, म्हणजे अर्डुइनोवर बसणारा तयार ड्रायव्हर, लिहिलेलं. काकांनी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मोटर कुठली आहे? अडकली तर किती अँपिअर खाते?" मला सांगता येईना. मग त्यांनी ड्रॉवरमधून पिवळी बीओ मोटर (छोट्या रोबोटला लावतात ती स्वस्त गिअरवाली) काढली, ६ व्होल्टच्या सप्लायला लावली, मधे मीटर जोडला. मोकळी फिरताना करंट पाव अँपिअरच्याही आत होता. मग त्यांनी दोन बोटांनी शाफ्ट घट्ट धरला आणि आकडा सरसर चढत दीड अँपिअरच्या जवळ गेला, दोन सेकंदांत सोडून दिला कारण जास्त वेळ धरलं तर मोटर जळते. "हा आकडा लिहून घे, मग ड्रायव्हर माग," म्हणाले. यालाच स्टॉल करंट म्हणतात. आणि तो फक्त चाक अडकल्यावर येतो असं नाही, मोटर थांबलेल्या अवस्थेतून सुरू होते त्या क्षणी पण तेवढाच करंट ओढते, म्हणजे रोबोट जितक्या वेळा थांबून निघेल तितक्या वेळा.

आता अर्डुइनो उनोचा एक पिन आरामात २० मिलिअँपिअर देतो. दीड अँपिअर म्हणजे त्याच्या ७५ पट. म्हणून मधे ड्रायव्हर लागतो. त्याच्या आत एच ब्रिज असतो, चार स्विच आणि मधे आडवी मोटर, समोरासमोरचे तिरके दोन चालू केले की मोटर सुलटी फिरते, दुसरे दोन केले की उलटी. स्पीड कमी-जास्त करायला पीडब्ल्यूएम, म्हणजे स्विच सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा.

माझ्या यादीतल्या त्या शिल्डवर एल२९३डी चिप असते, तिची मर्यादा एका मोटरला ६०० मिलिअँपिअर, क्षणभर १.२ अँपिअर. काकांचा आकडा बघितल्यावर ती आपोआप बाद झाली. मग मी सगळे घेतात तो एल२९८एन घेतला, लाल बोर्ड, मागे काळा हीटसिंक. एका चॅनलला, म्हणजे एका मोटरला, २ अँपिअर, आकड्यात बसतो. पण रोबोट सुस्त चालायला लागला. बॅटरीवर मीटर लावला तर ७.४ व्होल्ट, मोटरच्या टोकांवर ५.६. मधले जवळजवळ २ व्होल्ट कुठे गेले? हीटसिंकला बोट लावा, कळेल. आत जुन्या पद्धतीचे बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत, ते एवढा व्होल्टेज खातात आणि त्याची उष्णता करतात. १२ व्होल्टच्या रोबोटला हे चालून जातं, दोन सेलवाल्या छोट्या रोबोटला अजिबात परवडत नाही. माझं स्पष्ट मत, बीओ मोटरसाठी टीबी६६१२ घ्या. मॉस्फेटवाला आहे, म्हणजे आतले ट्रान्झिस्टर फार कमी व्होल्टेज खाणारे, १.२ अँपिअर सलग आणि ३.२ क्षणभर, नखाएवढी चिप पण गरम कमी होते. फक्त त्याचा स्टँडबाय पिन हाय करायला (त्याला व्होल्टेज द्यायला) विसरू नका, नाहीतर वायरिंग बरोबर, कोड बरोबर, आणि मोटर मात्र गप्प.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रिसेट. एल२९८एनवरच मी ईएसपी३२ लावला होता, त्या ड्रायव्हरमधून निघणाऱ्या ५ व्होल्टवर. रोबोट सरळ जायचा, वळायला म्हणून एक चाक उलटं फिरवलं की ईएसपी३२ बंद पडून परत चालू. चार रात्री मी कोड तपासत होतो. पाचव्या रात्री सीरियल मॉनिटरवरची (कॉम्प्युटरवर बोर्डचे मेसेज दिसतात ती खिडकी) ओळ नीट वाचली, ब्राउनआउट डिटेक्टर ट्रिगर झालाय, म्हणजे बोर्डला व्होल्टेज कमी पडलं, असं तिथे प्रत्येक वेळी लिहून येत होतं. मग मीटर ईएसपी३२ च्या ५ व्होल्ट पिनवर लावला आणि वळताना आकडा खाली बसताना दिसला. झालं काय, पुढे जाणारी मोटर एकदम उलटी फिरवली की करंट स्टॉलच्याही वर जातो, बॅटरी दबते, आणि एल२९८एनवरच्या रेग्युलेटरला ५ व्होल्ट द्यायला वरून साधारण ७ तरी लागतात, ते मिळेनात. उपाय म्हणजे ईएसपी३२ ला वेगळा बक कन्व्हर्टर (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारं मॉड्यूल), मोटर सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, आणि कोडमधे उलटं फिरवण्याआधी क्षणभर थांबा. दोन्हीकडचे ग्राउंड (मायनसच्या वायरी) मात्र जोडलेलेच हवेत, ते वेगळे राहिले तर ड्रायव्हरला सिग्नल कळतच नाही. नोकरीच्या इंटरव्ह्यूत मला प्रोजेक्टबद्दल विचारलं तर मी हेच सांगितलं, आणि पुढची वीस मिनिटं फक्त यावरच बोलणं झालं, मीटर कुठे लावला, आधी काय वाटलं होतं, कॅपॅसिटर तेवढाच का. मार्क्सचा विषय निघाला नाही.

ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरला लावू नका, ती एवढा करंट देऊच शकत नाही. १८६५० चे (लिथियमचे, चार्ज होणारे) दोन सेल होल्डरमधे घाला, चार्जर चांगला घ्या.

राहिला बोर्ड. पहिल्या रोबोटला उनो, ५ व्होल्टवर चालतो आणि बऱ्याच चुका सहन करतो. मोबाईलवरून चालवायचा असेल तर ईएसपी३२, पण तो ३.३ व्होल्टचा आहे, अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचा इको पिन ५ व्होल्ट देतो तो थेट लावायचा नाही, मधे दोन रेझिस्टर टाकून कमी करून घ्यायचा. रास्पबेरी पाय, म्हणजे हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर, कॅमेरा लावेपर्यंत लागत नाही.

खरेदीला जाताना मीटर आधी घ्या, १० अँपिअरचं सॉकेट असलेला. आणि बीओ मोटर दोन जास्तीच्या आणा, त्यांचे टर्मिनल पातळ पत्र्याचे असतात, वायर सोल्डर करून दोन-तीनदा इकडेतिकडे वाकली की मुळातून तुटतात, वायरला मोटरच्या अंगावर ग्लू गनचा एक थेंब लावला तर टिकतात.