हलका लॅपटॉप की पॉवरफुल? दुकानात आधी अडॅप्टर उलटा करून बघा

बारावीचे निकाल लागले की मला फोन यायला लागतात, ताई, पोरीला लॅपटॉप घ्यायचाय, हलका घेऊ की चांगला पॉवरफुलच घेऊन टाकू? आणि फोन करणाऱ्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं की आय७ घे, ग्राफिक्स कार्डवाला घे, म्हणजे पुढची पाच वर्षं बघायला नको. या सल्ल्याचा मला खरंच राग येतो, कारण तो ऐकून घेतलेले अडीच किलोचे लॅपटॉप मी घरात टेबलावर पडून राहिलेले बघितलेत आणि पोरं कॉलेजात मोबाईलवर नोट्स काढतायत.

मी इंटिरियरची कामं करते, डोंबिवलीहून रोज लोकलने जाणं-येणं, त्यामुळे वजन पण कळतं आणि रेंडर, म्हणजे डिझाइनचं खऱ्यासारखं चित्र कॉम्प्युटरकडून बनवून घेणं, अडकलं की काय होतं ते पण कळतं. स्वतःचे चार लॅपटॉप झाले, नात्यातल्या आणि ओळखीच्यांचे पंचवीस-तीस तरी निवडून दिले असतील. बजेट तुम्ही ठरवलंय असं धरून पुढचं सांगते.

आधी सध्याचं काम बघा

आत्ता जो लॅपटॉप किंवा पीसी वापरताय त्यावर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स टॅब. आठवडाभर, जेव्हा जेव्हा मशीन अडकल्यासारखं वाटेल आणि तुम्ही हात बांधून बसलेले असाल, तेव्हा तिथे बघा. मेमरी ९० टक्क्यांवर आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, निवांत असेल तर तुम्हाला जास्त रॅम हवीय, पॉवरफुल लॅपटॉप नकोय. सीपीयू किंवा जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, दहा-दहा मिनिटं १०० वर चिकटून बसत असेल तरच पॉवरचा विचार करा.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. ऑटोकॅड म्हटलं की लोक गेमिंग लॅपटॉप घ्यायला धावतात. टू-डी ड्रॉइंगसाठी अजिबात गरज नाही, ऑटोकॅड आणि स्केचअपचं मॉडेलिंग बहुतांशी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे काम करणाऱ्या एका भागावर, चालतं आणि चांगल्या हलक्या लॅपटॉपचा एक कोअर त्याला भरपूर होतो. टॅली, एक्सेल, वेब डेव्हलपमेंट, ऑनलाइन लेक्चर, सगळं हलक्यावर चालतं. मशीन लर्निंग शिकणाऱ्या मुलांची सुरुवातीची प्रॅक्टिकल्स गूगल कोलॅबवर होतात, तिथे जीपीयू फुकट मिळतो. पॉवर खरी लागते ती थ्री-डी रेंडरिंगला, अॅन्सिससारख्या सिम्युलेशनला, लांबलचक फोर-के व्हिडिओच्या एडिटिंगला आणि नव्या मोठ्या गेम्सना.

पाण्याच्या बाटल्या

वजन कागदावर वाचून कळत नाही. पॉवरफुल लॅपटॉप साधारण २.३-२.४ किलो, त्याचा अडॅप्टर अर्धा-पाऊण किलो, म्हणजे झाले तीन. एक-एक लिटरच्या तीन बाटल्या भरा, रोजच्या सॅकमध्ये टाका आणि डबा, छत्री, वह्या सगळ्यासकट एक आठवडा तुमच्या नेहमीच्या वेळेच्या गाडीने जा. मग दीड लिटरने तेच करा. मावसबहिणीला मी हे करायला लावलं, ती तिसऱ्या दिवशी म्हणाली, ताई हलकाच बघ.

सॉफ्टवेअर कुठे चालतं

रेव्हिट, सॉलिडवर्क्स, थ्री-डीएस मॅक्स यांना विंडोज लागतं, त्यामुळे मॅकबुक एअर कितीही आवडला तरी या लोकांनी त्या काउंटरला जाऊ नका.

वॅट, आणि इथेच मी फसले होते

आता जे सांगतेय ते नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

काही वर्षांपूर्वी मी ठरवलं की मला दोन्ही पाहिजे, हलका पण आणि पॉवरफुल पण. दुकानात तसा मिळाला, दीड किलोच्या आत, आय७, वर वेगळं ग्राफिक्स कार्ड, दिसायला सुंदर. घरी आणला, पहिलं थ्री-डी मॅक्सचं रेंडर लावलं, एका फ्लॅटचा हॉल होता, आणि पहिला मिनिटभर इतकं भराभर चाललं की मी खूश. मग हळू. मग आणखी हळू. जे रेंडर माझ्या हिशोबाने पाऊण तासात व्हायला पाहिजे होतं ते अडीच तास चाललं, दुसऱ्या दिवशी सकाळी क्लायंटला दाखवायचं होतं आणि मी रात्री दीड वाजता कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर, फंक्शनच्या बटणांच्या वर, बोट ठेवून बघत होते तर तिथे बोट ठेववत नव्हतं. मला वाटलं व्हायरस असेल. फॉरमॅट मारला. सर्व्हिस सेंटरला नेला, ते म्हणाले मशीन एकदम ओके आहे, आणि मशीन खरंच ओके होतं. मे महिना असल्यामुळे होतंय असं समजून खाली लावायचा फॅन आणला. असे सहा महिने गेले.

कारण कळलं तेव्हा फार साधं होतं. प्रोसेसर किती काम करणार हे त्याला सतत किती वीज मिळते आणि त्यातून होणारी उष्णता किती बाहेर जाते यावर ठरतं. सुरुवातीला काही सेकंद ते मिनिटभर तो भरपूर वीज खाऊन जोरात पळतो, मग लॅपटॉप तापतो आणि कंपनीने ठरवून दिलेल्या कमी वॅटवर त्याला खाली आणलं जातं. पातळ बॉडीत छोटा पंखा, छोटा हीटसिंक, मग उष्णता जाणार कुठून? दुकानातल्या डेमोत तुम्ही तो पहिला मिनिटच बघत असता. मॅकबुक एअरला तर पंखाच नाही, छोट्या कामाला तो सुरेख पळतो पण लांब एक्सपोर्टला तोही मंदावतो.

म्हणून नावातला आकडा वाचून घेऊ नका, मागचं अक्षर वाचा. इंटेलच्या आय७-१३५५यू मध्ये ताकदीचे कोअर दोनच आहेत आणि तो १५ वॅटचा प्रोसेसर आहे. आय५-१३५००एच मध्ये ताकदीचे कोअर चार आणि तो ४५ वॅटचा. म्हणजे लांब रेंडरला हा आय५ त्या आय७ला सहज मागे टाकतो, आणि दुकानदार तुम्हाला आय७ वरचा म्हणून विकतो. इंटेलच्याच कोअर अल्ट्रा नावाच्या प्रोसेसरमध्ये पण तेच, १२५यू वेगळा आणि १२५एच वेगळा. यू म्हणजे बॅटरी आणि वजन, एच म्हणजे काम, एचएक्स म्हणजे आणखी जड काम, एवढं डोक्यात ठेवा. एएमडीच्या ७००० वाल्या नावांत तिसरा आकडा पण बघा, रायझन ७ ७७३०यू मध्ये तो ३ आहे, म्हणजे आत झेन ३ ची जुनी रचना, आणि ७८४० मध्ये ४, म्हणजे झेन ४. बाहेरून दोन्ही रायझन ७.

ग्राफिक्स कार्डात तर याहून जास्त फसगत होते. आरटीएक्स ४०५० हे एकच नाव ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंतच्या लॅपटॉपमध्ये लावतात, आणि ३५-४० वॅटवर चालणारं कार्ड पूर्ण वॅटवर चालणाऱ्याच्या आसपास पण पोचत नाही. डेस्कटॉपच्या कार्डाशी पण तुलना करू नका, डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० ला १२ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपच्या ४०७० ला ८ जीबी, नाव मात्र सेम. सेल्समन म्हणेल मॅडम ४०५० म्हणजे ४०५० असतं. त्याच्याशी वाद घालू नका, कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर टीजीपी किंवा मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर किती वॅट लिहिलंय ते बघा, आणि लिहिलेलंच नसेल तर मी ते मॉडेल सोडून देते.

आणि दुकानात उभ्या उभ्या करायचं असेल तर अडॅप्टर मागा आणि उलटा करा. मागे बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, व्होल्ट आणि अँपिअर, त्यांचा गुणाकार करा. २० व्होल्ट ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. २० व्होल्ट ११.५ अँपिअर म्हणजे २३० वॅट. ज्याच्याबरोबर ६५ वॅटचा अडॅप्टर आलाय तो लॅपटॉप, वर कितीही स्टिकर चिकटवलेले असोत, तासभर जोरात काम करू शकत नाही, कारण प्रोसेसर, कार्ड, स्क्रीन, बॅटरीचं चार्जिंग सगळ्यांनी त्या ६५ मध्येच भागवायचंय. माझ्या त्या सुंदर लॅपटॉपचा अडॅप्टर ६५ चाच होता, सहा महिने रोज हातात धरत होते आणि एकदा पण वाचला नाही.

रॅम, स्क्रीन, बॅटरी

हलक्यात रॅम बहुतेक वेळा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढत नाही, म्हणून घेतानाच १६ जीबी घ्या. पॉवरफुलमध्ये बहुतेक दोन स्लॉट असतात, तिथे नंतर वाढवता येते. स्क्रीनचं म्हणाल तर, फोटो, डिझाइनवाल्यांनी १०० टक्के एसआरजीबी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) बघूनच घ्या, स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये ४५ टक्के एनटीएससीचं, म्हणजे कमी रंग दाखवणारं, पॅनल सर्रास असतं आणि त्यावर मरून रंगाची भिंत विटकरी दिसते. पॉवरफुल लॅपटॉप प्लग काढला की पूर्ण ताकदीने चालत नाही हे पण घरी सांगून ठेवा, कॉलेजच्या बाकावर प्लग नसतो.

दोन्ही पाहिजे असेल तर

मी परत एकातच दोन्ही शोधणार नाही. दीड-पावणेदोन किलोत खरंच दमदार मशीन मिळतात, पण त्यांची किंमत माझ्यासारख्या एकटीने काम करणाऱ्या बाईला परवडणारी नसते. आता माझ्याकडे घरी एक डेस्कटॉप आहे, रेंडर त्यावर, आणि सॅकमध्ये सव्वा किलोचा साधा यू सिरीजवाला, साइटवर ड्रॉइंग उघडायला आणि क्लायंटला दाखवायला. गाडीतून क्रोम रिमोट डेस्कटॉपने घरचं रेंडर किती झालं ते पण बघते. होस्टेलला राहणाऱ्या इंजिनीअरिंगच्या मुलाचं वेगळं आहे, त्याचा लॅपटॉप खोलीतच राहणार असेल आणि सिम्युलेशन रोजचं असेल तर त्याने सरळ जड एच सिरीजवाला घ्यावा, वजनाचा विचार करत बसू नये. कॉमर्स, आर्ट्स, लॉ, बीएड, यांनी हलका. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला पण बहुतेकांनी हलकाच, १६ जीबी रॅमवाला.

घरी आणल्यावर

त्याच दिवशी प्लग लावून सिनेबेंच या प्रोसेसर तपासायच्या सॉफ्टवेअरची दहा मिनिटांची टेस्ट लावा आणि बाजूला एचडब्ल्यूइन्फो हे आतले आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून सीपीयू पॅकेज पॉवर, म्हणजे प्रोसेसर किती वॅट खातोय ते, बघत बसा, पहिल्या मिनिटाला किती वॅट आणि नवव्या मिनिटाला किती, दोन्ही कागदावर लिहा. थोडा उतरणारच. पण जड लॅपटॉप ४५ वॅटच्या खूप खाली जाऊन बसत असेल तर आधी त्याचा परफॉर्मन्स मोड चालू आहे का बघून टेस्ट परत लावा, तरी तसंच असेल तर बदलून मागा. बदलून मिळायची मुदत फार थोड्या दिवसांची असते, तोवर खोका आणि आतलं थर्माकोल माळ्यावर टाकू नका, समोरच ठेवा.