नवख्याला कुर्ल्या धरायला नेताना

मृगाचा पाऊस लागून पडला, व्हाळ म्हणजे ओढे वाहते झाले की कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बाहेर पडतात आणि मुंबईहून आलेला पुतण्या मागे लागतो, "काका, मलाही न्या." न्या की. पण त्या रात्री आपला डबा रिकामा राहिला तरी चालेल, हे आधीच मनाशी ठरवा. नवख्याला मागे टाकून स्वतः बॅटरी मारत पुढे पळणारा सोबती असून नसल्यासारखाच.

व्हाळ दिवसाउजेडी त्याच्यासोबत चालून घ्या. शेवाळलेला कातळ कुठे, डोह कुठे, काठावर चढायची वाट कुठली, ते दाखवा. गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे जायचंच नाही. डोंगरात पाऊस कोसळला की इथे थेंब नसतानाही पाणी चढतं. निवळ पाणी एकाएकी गढुळलं, पालापाचोळा वाहत आला की हातातली कुर्ली टाकून काठ गाठायचा. हे घरीच बजावा, खळखळाटात हाका ऐकू येत नाहीत.

एक बॅटरी डोक्याला, दुसरी हातात, सेल ताजे. गमबूट बांधावर ठीक, पण व्हाळात पाणी भरून जड होतात. मी जुने नाडीचे बूट आणि जाड फुल पँट घालायला लावतो. पायाला जखम असेल तर लेप्टोचा (उंदराच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका, त्याने घरी बसावं. वाटेत हातात काठी आणि उजेड पायाखाली, कारण आपल्याकडे कोकणात फुरसं हा विषारी साप आहे. चावलंच तर चिरणं-आवळणं नको, सरळ 108. पाण्यातली दिवड बिनविषारी; तिला बघून पळताना घसरण्याचीच भीती जास्त. बिळात हात घालायची हौस मात्र अजिबात नको, आत कुर्लीच असेल असं नाही.

धरायची तालीम घरी परातीत. उजेड पडला की कुर्ली थबकते. वरून पाठ दाबायची, मग मागच्या बाजूने अंगठा पोटाखाली, बोटं पाठीवर. तिथे डेंगे (नांग्या) पोहोचत नाहीत. धरलंच बोट तर झटकायचं नाही, हात पाण्यात सोडला की ती आपसूक सोडते. झटकलं तर डेंगा तुटतो आणि बोटाला तसाच लटकून राहतो! धरलेली उलटी करून बघायला शिकवा: पोटावरचं झाकण रुंद, गोलसर म्हणजे मादी. त्याखाली पिल्लं वळवळत असतील तर तिथेच सोडायची, यावर वाद नाही. ससा, घोरपड, कासव दिसलं तरी हात लावायचा नाही, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. अभयारण्याच्या हद्दीत तर कुर्लीसुद्धा नाही.

पिशवी कुरतडतात, म्हणून कडीचा खोल पत्र्याचा डबा घ्या. त्यात पाणी भरू नका, गुदमरतात. ओलं गवत पुरे, सकाळपर्यंत जिवंत राहतात. कुठल्या व्हाळाला चाललोय ते घरी सांगून निघा. आणि वहिनींना हेही सांगा, की सकाळी साफ करायला नवखाच बसेल.