आईबाबांना घेऊन अमेरिकेतलं एखादं जुनं गाव कसं बघावं

नायगारा झाला, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा झाला, कॉस्टकोसुद्धा तीनदा झालं. मुक्कामाचे अजून चार महिने बाकी आहेत आणि बाबा खिडकीशी बसून, समोरच्या रस्त्यावरून दिवसभरात किती माणसं चालत गेली ते मोजताहेत. कालचा आकडा दोन होता, त्यातला एक पोस्टमन. वर "या देशाला इतिहास कुठला, बघायचं काय?" हेही ऐकायला मिळतं. किल्ले आणि लेणी मनात धरून निघालं तर इथे हाती फारसं लागत नाही. पण कामाचा, कारखान्याचा, परगावाहून पोटासाठी आलेल्या माणसांचा इतिहास इथल्या लहान लहान गावांनी फार नीट जपलाय. आणि तो वाचू शकणारं माणूस तुमच्याच घरी पाहुणं आलेलं असू शकतं.

आमच्याकडे ते बाबा निघाले. परळच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, त्यांनी उमेदीची वर्षं काढली. आमच्या घरापासून मॅसॅच्युसेट्समधलं लोवेल, कापडगिरण्यांचं जुनं गाव, तासाभरावर. म्हणून पुढचं सगळं लोवेलच्या आधारे सांगतो; गाव तुमचं तुम्ही निवडा.

१. आधी माणूस बघा, मग गाव

बाबा रेल्वेत होते? पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनला स्टीमटाउन हे वाफेच्या इंजिनांचं संग्रहालय आहे, बाल्टिमोरला बी अँड ओ रेल्वेचं संग्रहालय आहे. आजी शेतातली असेल तर ओल्ड स्टरब्रिज व्हिलेजला न्या; तिथे १८३० च्या सुमाराचं खेडं उभं केलंय, पाण्यावर चालणारी करवत गिरणीसुद्धा. शिक्षिका असलेल्या आईला एकखोली शाळा दाखवा, अशा शाळा कितीतरी गावांनी राखून ठेवल्यात.

जवळपास काय आहे ते शोधायला 'नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस' ही सरकारी यादी कामाला येते. १९६६ च्या कायद्याने ती सुरू झाली आणि राज्य, काउंटीनुसार चाळता येते. गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीला मात्र फोनच करा. बहुतेक ठिकाणी निवृत्त मंडळी ती हौसेने चालवतात आणि आठवड्यातून एखादाच दिवस उघडतात.

२. निघायच्या आधी एक संध्याकाळ नकाशाला

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर सॅनबॉर्न नकाशे फुकट बघता येतात. आगीच्या विम्यासाठी काढलेले हे नकाशे म्हणजे गावाची कुंडलीच: प्रत्येक इमारतीचा आकार, मजले, गुलाबी रंग म्हणजे विटांची, पिवळा म्हणजे लाकडी. गिरणीच्या नकाशात कुठल्या मजल्यावर कुठलं खातं, तेही बऱ्याचदा लिहिलेलं असतं. एक पान छापून बाबांच्या हातात द्या. आमच्या बाबांनी ते दोन दिवस उशीखाली ठेवलं होतं.

३. गावात शिरल्यावर आधी पाणी, मग यंत्रं

लोवेलमध्ये लोक थेट संग्रहालयात शिरतात. तसं करू नका. आधी कालव्याच्या कडेने चाला. मेरिमॅक नदी इथल्या पॉटकेट धबधब्याशी सुमारे ३२ फूट उतरते, आणि त्या उताराच्या जोरावर हे शहर उभं राहिलं. जवळजवळ ९ किलोमीटर कालवे आहेत. सुरुवातीचे खणायला आयरिश मजूर आले, ते कुदळ-फावडं घेऊन. ज्याच्या नावाने शहर आहे तो फ्रान्सिस कॅबट लोवेल मात्र १८१७ मध्येच वारला. त्याने हे गाव पाहिलंच नाही. इंग्लंडच्या गिरण्या बघून तिथल्या मागांची रचना तो डोक्यात साठवून घेऊन आला होता. आजच्या भाषेत सांगायचं तर औद्योगिक हेरगिरी.

कालव्याच्या तोंडाशी एक प्रचंड लाकडी दरवाजा टांगलेला आहे. जेम्स फ्रान्सिस या इंजिनिअरने १८५० मध्ये तो बांधला तेव्हा लोक 'फ्रान्सिसचा खुळेपणा' म्हणून हसले. १८५२ च्या पुरात तो खाली सोडला आणि शहर वाचलं. १९३६ च्या महापुरात पुन्हा तोच कामी आला.

मग बूट कॉटन मिल्स, जुन्या गिरणीतलं संग्रहालय. तळमजल्यावर ८८ यंत्रमाग आहेत. एका वेळी त्यातले थोडेच चालवतात, तरीही दारात कानात घालायला बोळे ठेवलेले असतात. बाबांनी घेतले नाहीत. आत पाऊल टाकलं तशी जमीन थरथरायला लागली, आणि बाबा आवाज न काढता, नुसते ओठ हलवून माझ्याशी बोलायला लागले. साचेखात्यात असंच बोलतात म्हणे. मला एक अक्षर कळलं नाही.

४. मार्गदर्शकाला वस्तूबद्दल विचारा

"इथला इतिहास सांगा" म्हटलं की पाठ केलेलं भाषण मिळतं. त्यापेक्षा एखाद्या वस्तूवर बोट ठेवा: हे भोक कशासाठी? हा दांडा इतका झिजलाय, कुणाच्या हाताने?

बाबांना इंग्रजी बेताचंच येतं. काचेच्या कपाटात एक धोटा होता, मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा. त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं, मग हात ओठांशी नेऊन श्वास आत ओढल्याची खूण केली. बॉबिन, म्हणजे सुताची कांडी, बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. परळमध्ये तेही हेच करायचे. तिथला म्हातारा स्वयंसेवक एकदम उभाच राहिला. इथेही तसंच करत, त्यातून एकाचा रोग दुसऱ्याला लागे, म्हणून पुढे मॅसॅच्युसेट्सने कायदा करून ते बंद केलं. पुढचा पाऊण तास दोघं हातवाऱ्यांनी बोलत होते आणि माझी दुभाषाची नोकरी गेली होती.

५. समोरच्या घरातही जा

गिरणीसमोर 'मिल गर्ल्स'च्या बोर्डिंगहाउसचं प्रदर्शन आहे. १८३०-४० च्या काळात न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या मुली इथे कामाला येत, आठवड्याला सत्तरहून अधिक तास राबत आणि घंटेच्या तालावर उठत-जेवत-झोपत. रात्री दहाला दार बंद. ही घरं चालवायला बाया असत, त्यात विधवा पुष्कळ. आई स्वयंपाकघर बघून म्हणाली, "ही तर गिरणगावातली खानावळच की." अगदी बरोबर. याच मुलींनी १८३४ मध्ये पगारकपातीविरुद्ध आणि १८३६ मध्ये खाण्याराहण्याचे पैसे वाढवल्यावर संप केले. १८४० ते ४५ त्यांचं लिखाण असलेलं 'लोवेल ऑफरिंग' नावाचं मासिकही निघत होतं.

६. कच्चा माल कुठला, ते विचाराच

देखण्या विटांच्या इमारतीसमोर हा प्रश्न विसरायला होतं. लोवेलचा कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामांच्या कष्टाचा. आणि इथून जाडंभरडं कापड परत दक्षिणेत जाई, तिथल्या गुलामांच्या अंगावर. त्या कापडाला 'लोवेल' असंच नाव पडलं होतं.

आपला धागा इथेच जुळतो. १८६१ मध्ये यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडली आणि लोवेलच्या गिरण्या थंडावल्या. इंग्लंडला कापूस हवाच होता, तो मुंबईच्या बंदरातून जायला लागला. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरबाजाराचा उन्माद माजला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्यही बुडाले. मुंबईचा हा किस्सा बाबांना तोंडपाठ होता. त्याचं दुसरं टोक कुठे आहे ते त्यांना लोवेलमध्ये दिसलं.

७. एक दिवस पोकिप्सीसाठी काढा

न्यूयॉर्कहून आगगाडीने साधारण दोन तास. तिथल्या रूरल सेमेटरीत डॉ. आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत असताना एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोश्यांचं पत्र वाचलं आणि ओळख वाढत गेली. आनंदीबाई १८८३ मध्ये इथे आल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या आणि १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. अस्थी कार्पेंटरबाईंकडे आल्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या जागेत विसावल्या. आवार मोठं आहे, आधी कार्यालयात जागा विचारून घ्या.

८. परतीच्या वाटेवर फोन चालू करा

गोष्टी निघतात त्या गाडीत आणि जेवणानंतर. विचारून रेकॉर्डिंग सुरू करा आणि फोन उलटा ठेवा, पडद्याकडे बघत माणूस मोकळं बोलत नाही. "तेव्हा कसं वाटायचं?" याला उत्तर येतं, "काय वाटायचंय!" त्याऐवजी विचारा: पहिल्या पाळीचा भोंगा किती वाजता? डबा कोण पोचवायचं? खोलीत झोपायला किती जण? पहिल्या पगाराचं काय केलं? उत्तर संपलं असं वाटलं तरी दहा सेकंद गप्प राहा. आई स्वयंपाकघरातून "तसं नव्हतं हो" म्हणाली तर थांबवू नका. आमच्याकडचा सगळ्यात चांगला भाग तिथूनच सुरू झाला. फाइलला त्याच दिवशी तारीख, नाव आणि विषय द्या, नाहीतर ती लग्नाच्या व्हिडिओंत हरवते.

९. ताडून बघा, पण नंतर

मुंबईतला गिरणीसंप दिवाळीच्या आगेमागे सुरू झाला, असं बाबा ठासून सांगतात. तो १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. मी बोलताना टोकलं नाही, वहीत बाजूला लिहिलं. शेजारची अमेरिकन आजी तिच्या घराबद्दल सांगत असेल तर तिच्याही आठवणी ताडता येतात. इथली जनगणना ७२ वर्षांनी खुली होते. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली, नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळावर फुकट आहे. १८९० ची शोधत बसू नका. १९२१ च्या आगीत तिची नासाडी झाली आणि फार थोडी पानं उरली. ते भगदाड बुजवायला गावच्या लायब्ररीतल्या सिटी डिरेक्टऱ्या मागा, त्यांत माणसाच्या नावापुढे त्याचा धंदा छापलेला असतो.

लोवेलच्या दुकानात तिथल्याच मागांवर विणलेले टॉवेल मिळतात. बाबांनी एक घेतला. घरी येऊन चष्मा लावला आणि अंगठ्याच्या नखाने एका इंचातले धागे मोजले. मग घडी घालून तो बॅगेत ठेवला, आणि अजून तरी कुणाला त्याला हात पुसू दिलेले नाहीत.