राज्य बदललं तरी मेडिकेड मिळालं

आमच्या घरी फॉस्टर केअरमध्ये (सरकारच्या जबाबदारीवरच्या मुलांना दुसऱ्या कुटुंबात सांभाळण्याची सोय) वाढलेली मुलगी गेल्या वर्षी अठरा पूर्ण करून अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यात शिकायला गेली. तिला दमा आहे, रोजचा इनहेलर चुकवून चालत नाही. तिथल्या कार्यालयात तिला तोंडीच सांगितलं, ‘तू आमच्या राज्याच्या फॉस्टर केअरमध्ये नव्हतीस, तुला मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, नाही.’ पोरगी पार हादरली.

नियम तिच्याच बाजूने होता. अठराव्या वर्षी फॉस्टर केअरमध्ये आणि मेडिकेडवर असलेल्यांना 26 वर्षांचे होईपर्यंत मेडिकेड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. हे 2014 पासून आहे. पुढे 2018 च्या कायद्याने राज्याची आडकाठीही काढली: 1 जानेवारी 2023 ला किंवा त्यानंतर अठरा पूर्ण झालेल्यांना कुठल्याही राज्याने ते द्यायलाच हवं.

मी जुन्या केसवर्करकडून, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये तिचं प्रकरण पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडून, पत्र मागवलं. अठराव्या वाढदिवसाला ती फॉस्टर केअरमध्ये होती आणि तिला मेडिकेड होतं, एवढी दोन वाक्यं त्यात स्पष्ट हवीत. ते जोडून नवा अर्ज केला. अर्जात ‘अठराव्या वर्षी फॉस्टर केअरमध्ये होता का?’ असा प्रश्न असतो, तिथे ‘हो’ लिहायचंच. पुन्हा नकार दिलात तर तो लेखी द्या, असंही बजावलं, कारण त्यावर अपिलाची सुनावणी मागता येते. तशी वेळ आली नाही, कार्ड आलं.

या मुलांच्या पाठीशी कागद घेऊन उभं राहणारं माणूस बरेचदा नसतं, म्हणून हे पत्र मूल घराबाहेर पडण्याआधीच काढून ठेवा.