गावच्या हायस्कूलात आठवीला आयबीटी आहे? मग हे वाचा

आमच्या भावकीतली दोन पोरं यंदा आठवीला गावच्याच हायस्कूलात जाणारेत आणि घरच्यांची एकच काळजी, ते आयबीटी काय असतं, पोरं तिथे वेल्डिंग आणि खुरपणी करत बसतात म्हणे, मग अभ्यासाचं काय. मी तिथूनच दहावी केली, पुढे डिप्लोमा, आता चाकणला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आयबीटी म्हणजे इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, मराठीत मूलभूत तंत्रज्ञान, ही मूळ पाबळच्या विज्ञान आश्रमाची कल्पना (शिरूर तालुका, पुणे जिल्हा). मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात असलेल्या डॉ. श्रीनाथ कलबागांनी तो आश्रम 1983 साली सुरू केला, आणि तिथून हा विषय बऱ्याच खेड्यातल्या हायस्कूलांत गेला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस. विभाग चार, इंजिनिअरिंग म्हणजे वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. मुलगा असो की मुलगी चारही करायचे, पोरींनी ग्राइंडर धरायचा आणि पोरांनी चिक्कीचा पाक बघायचा, इथे सूट नाही.

बाकीचे पाच दिवस कुठल्याही शाळेसारखेच. परिपाठ, हजेरी, तास. छोट्या शाळेत प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, त्यामुळे गणिताचे सरच विज्ञान घेतात आणि कोणी रजेवर गेलं की दोन वर्ग एकत्र बसतात, याची सवय करून घ्या. नववीपासून शाळेतली खिचडी बंद होते (ती आठवीपर्यंतच असते) तेव्हा डबा न्यायचा, आणि आयबीटीच्या दिवशी जरा जास्तच न्या, भूक प्रचंड लागते.

आता मुद्द्याचं. नवीन पोरं त्या दिवसाकडे सुट्टीसारखं बघतात, वेल्डिंगच्या ठिणग्या बघायला गर्दी करतात आणि वही काढायची म्हटलं की मागे सरकतात. माझं स्पष्ट मत आहे की आयबीटीत खरं शिक्षण टेप आणि वहीत आहे, मशीनवर नंतर. आमच्या बॅचला गावातल्या एका आबांनी शेळ्यांच्या गव्हाणीसाठी स्टँड सांगितला होता. आम्हाला वाटलं लगेच कापायला घ्यायचं, तर सरांनी आधी गोठ्यात पाठवलं, शेळीची मान किती उंचीवर येते ते मोजून या म्हणाले. आबा हसायला लागले, "अरे पोरांनो, शेळीचं माप घ्यायला आलात, तिला झंपर शिवताय का?" पण मापं घेतली, वहीत चित्र काढलं, मग कुठला अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) लागेल ते ठरलं. 25 बाय 25 बाय 3 मिलिमीटरचा अँगल मीटरला साधारण 1.1 किलो भरतो, म्हणजे 6 मीटरची अख्खी लांबी साडेसहा किलोच्या आसपास, आणि दुकानात तो मिळतो किलोवर. मग किती तुकडे, कटिंगमध्ये वाया किती, वेल्डिंग रॉड किती, रंग किती, हे सगळं मांडायचं आणि वर मजुरी, आमच्याकडे मालाच्या किमतीच्या पाव हिस्सा धरायचे. शेकडेवारी मला पुस्तकातून कधी नीट कळली नव्हती ती त्या कॉस्टिंगमध्ये कळली, कारण आबा घासाघीस करत होते आणि आम्हाला प्रत्येक आकडा का आहे ते सांगावं लागत होतं.

असंच जनावराच्या वजनाचं. गावात काटा नाही, मग टेपने गाईच्या छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्यापर्यंत लांबी इंचात घ्यायची, घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, उत्तर किलोत. घेर 60 आणि लांबी 50 असेल तर साधारण 273 किलो. अंदाजच आहे, पण जंताचं औषध वजनावर ठरतं तेव्हा हा अंदाज कामाला येतो. घेरात दोन इंचाची चूक झाली तर वजन केवढं हलतं ते स्वतः करून बघा, वर्ग म्हणजे काय ते तिथे समजतं.

आरोग्याच्या तासाला हिमोग्लोबिन तपासायला शिकवतात, बोटाला सुई टोचायची म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यात दांडगी पोरंच मागच्या रांगेत पळतात, ते जाऊ दे. सुई प्रत्येकाला नवीनच, हे मात्र बघून घ्या. शेतीत रोपवाटिका, कलमं, माती तपासणी. इलेक्ट्रिकलमध्ये जिन्याच्या दिव्याचं टू-वे वायरिंग (एकच दिवा खालच्या आणि वरच्या दोन्ही बटणांनी चालू-बंद होतो ते) नीट घोटवून घ्या, मला आजही कामावर उपयोग होतो. घरचं लाइट बिल घेऊन जा आणि युनिट मोजायला शिका, 1000 वॅट एक तास म्हणजे एक युनिट, मग हीटरवरून घरात भांडण तरी हिशोबाने होईल.

काही बारीक गोष्टी ज्या कोणी सांगत नाही. नायलॉनचे कपडे घालून वेल्डिंगला जाऊ नका, सुती घाला, चप्पल नको बूट. वेल्डिंगच्या आर्ककडे, म्हणजे त्या झगझगीत उजेडाकडे, काळी काच नसताना एकदाही बघायचं नाही, तेव्हा काही होत नाही पण रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि झोप लागत नाही. मशीन एकच आणि पोरं वीस-पंचवीस असतात, मग हुशार दोघंतिघंच वापरतात आणि बाकीचे पकडापकडी करतात, तेव्हा सरांना सरळ म्हणा, "सर, आज माझी पाळी लावा." नाही म्हणत नाहीत. आणि कुणाच्या तरी खऱ्या वापरातलं काम मागून घ्या, शाळेची खिडकी, मंदिराचा नळ, कुणाची कोंबड्यांची जाळी, कारण सरावाचा तुकडा कसाही चालतो पण गावातल्या माणसाला द्यायची वस्तू डगमगली की तो दुसऱ्या दिवशी शाळेत येतो.

अभ्यास बुडतो का? दहावीला गणित 40-40 चे दोन पेपर, विज्ञानाचेही तसेच दोन, वर 20-20 मार्क प्रॅक्टिकल आणि अंतर्गतचे. आठवड्यातला एक दिवस गेल्याने हे पेपर पडत नाहीत, संध्याकाळी मोबाईल घेऊन बसल्याने पडतात. पण हेही खरं की काही शाळांत आयबीटीचा दिवस फक्त कागदावर असतो, वर्कशॉपला कुलूप आणि वही एकमेकांची बघून. ॲडमिशनच्या आधी एक चक्कर मारा, बेंच व्हाइसच्या (टेबलाला बसवलेल्या, वस्तू घट्ट धरायच्या शिकंजाच्या) जबड्यावर गंज आहे की घासून चमकलाय तेवढं बघितलं तरी कळतं. आणि दहावीनंतर ज्याला हेच आवडलं त्याने आयटीआयचा फॉर्म भरताना पाबळलाही विचारून यावं, तिथे याच विषयांचा एक वर्षाचा निवासी कोर्स आहे.